बाईंची पपई

बाईंनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्या ओढणीकडे पाहिलं. एमएस्सी झाल्यावरची माझी ती पहिली नोकरी, आणि आईने शुभ रंग म्हणून पिवळाधमक ड्रेस घालायला लावलेला. शनिवार पेठेतून दोन बस बदलून मी संस्थेत पोचले, दारात उभी राहिले, आणि आतून आवाज आला, "ती ओढणी तिथेच खुंटीला लाव."

"का?"

"मावा पिवळ्या रंगावर बसतो. तू जाळीघरात शिरलीस की तोही तुझ्याबरोबर शिरेल. तो काही मस्टरवर सही करून आत येत नाही."

मावा म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान, पानातला रस पिणारा किडा. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण एखादी बाई त्या किड्याबद्दल, नको असलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलते, हे नवीन होतं. मी ओढणी खुंटीला लावली. बाईंनी मग माझ्या ड्रेसकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि एक पांढरा कोट माझ्या अंगावर टाकला. तो मला गुडघ्याखालपर्यंत येत होता.

आमचा विभाग फळझाडांच्या विषाणूरोगांचा. बाई त्याच्या प्रमुख, आणि त्यांचं सगळं आयुष्य पपईवरच्या एका विषाणूमागे गेलेलं. हा विषाणू झाडात शिरला की पानं आक्रसतात, फळांवर वर्तुळं उमटतात, गोडी जाते, आणि झाड नुसतं उभं राहतं. त्याला औषध नाही. "आजारी झाडाला औषध नसतं," बाई म्हणायच्या, "असलं तर त्याच्या शेजाऱ्याला असतं. आजारी झाड काढून टाकणं, हेच ते औषध."

संस्थेत सगळे त्यांना बाईच म्हणत. नव्याने आलेलं कुणी मॅडम म्हणालं, तर त्या मागे वळून बघायच्या, जणू तिथे आणखी कोणी आलंय. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केस बारीक कापलेले, पायात कायम पुरुषी कॅनव्हासचे बूट. मूळच्या नागपूरकडच्या. पुण्यात उभी हयात गेल्यामुळे बोलणं अगदी इथल्यासारखं स्वच्छ, पण राग आला किंवा फार आनंद झाला की मधूनच तिकडची बोली उसळायची. "काय करून राहिली तू?" असं त्या म्हणाल्या, की आम्ही आधी हातातलं काम थांबवायचो आणि मग चेहऱ्याकडे बघून ठरवायचो, की हा राग आहे की आनंद.

त्यांचा एक नियम होता. शेतावर जायचं तर आधी निरोगी बागा बघायच्या, आजारी बाग सगळ्यात शेवटी. म्हणजे आपल्या कपड्यांवरून रोग पुढे जात नाही. नियम शहाणपणाचाच होता. पण बाई तो घरीही पाळायच्या. दिवाळीत ओळखीच्यांकडे जायचं, तर आधी फोन करून विचारायच्या, "घरात कोणाला सर्दी-खोकला?" आणि उत्तर ऐकून क्रम लावायच्या. आमच्या घरी एकदा त्या सगळ्यात शेवटी आल्या. बाबा शिंकत होते. आईने विचारलं, "एवढा उशीर?" बाई म्हणाल्या, "तुमचा नंबर शेवटचा लागला." आईला तो अपमान वाटला. त्यामागचं शास्त्र मी तिला समजावलं, तेव्हा तर तिला तो आणखीच अपमान वाटला.

मावा पपईवर राहत नाही, हे त्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यात ज्या पद्धतीने सांगायच्या, ते ऐकायला आमच्या ऑफिसातले कारकूनसुद्धा येऊन उभे राहत. "हा मावा म्हणजे मुलगी बघायला आलेलं स्थळ. येतो, बसतो, जरा चव घेतो, पसंत पडत नाही, उठून जातो. पण तेवढ्यात रोग ठेवून जातो. तुम्ही फवारा मारेपर्यंत तो पुढच्या घरी पोह्याला बसलेला असतो." लोक हसायचे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. हसणं ओसरलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "माझ्याकडेही आले होते चार-पाच. मी बागेला मका लावला, कुंपणासारखा. तुम्हीही लावा. मावा आधी मक्यावर तोंड मारतो, तिथे ते तोंड पुसलं जातं, आणि पपईवर येतो तेव्हा निरुपद्रवी झालेला असतो."

धायरीला त्यांचा फ्लॅट होता, तळमजल्यावर. बाहेरच्या खोलीत बुद्धाची एक लहान मूर्ती, दोन खुर्च्या आणि पुस्तकं, बाकी काही नाही. गॅलरीत एकही कुंडी नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "डॉक्टर घरी पेशंट ठेवतो का?" पण सोसायटीच्या आवारात एक पपई आपोआप उगवलेली होती, आणि ती आजारी होती. बाईंनी ती काढायची परवानगी मागितली. कमिटीने मीटिंग घेतली आणि झाडाला पाटी लावली, 'या झाडास हात लावू नये. झाड आजारी असले तरी सोसायटीचे आहे.' बाईंनी खाली पेनने लिहिलं, 'आजार मात्र सगळ्यांचा आहे.' त्यानंतर त्या रोज संध्याकाळी त्या झाडापाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विषाणू समजावून सांगायच्या. आठवड्याभरात कमिटीनेच माळ्याला बोलावून झाड काढून टाकलं. चेअरमन मला जिन्यापाशी भेटले. म्हणाले, "रोगाचं काही नाही हो. व्याख्यान असह्य झालं."

हे सगळं गमतीचं. पण ज्यासाठी मी बाईंचं नाव मनात घेऊन हात जोडते, ती गोष्ट वेगळी आहे.

बाईंनी पपईचं एक वाण तयार केलं होतं. विषाणू आला तरी तग धरणारं, फळ देणारं. त्यात त्यांची किती वर्षं गेली होती, ते मला मोजता येणार नाही. मी संस्थेत आले तेव्हा ते शेवटच्या टप्प्यात होतं. हजारो झाडांतून दहा निवडायची, त्यांच्यात मुद्दाम रोग सोडायचा, जी टिकतील त्यांचं बी धरायचं, पुन्हा लावायचं. झाडं मरायची, बाई पुढच्या ओळीकडे वळायच्या. शेवटी वाण बाहेर आलं. सरकारी कागदांत त्याला लांबलचक नाव होतं. शेतकरी त्याला 'बाईंची पपई' म्हणत.

ती पहिल्यांदा पूर्ण रानात लावली ती पोपटरावांनी. पोपटराव एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. कात्रजचा घाट उतरून पुढे गेलं की त्यांची जमीन. मोठा आवाज, मोठ्या मिशा, आणि बाईंवर प्रचंड विश्वास. मेळाव्यात त्यांनी एकदा उभं राहून विचारलं होतं, "बाई, आपलं झाड शिकलं तसा ह्यो व्हायरसबी शिकंल की कवातरी?"

बाई म्हणाल्या, "तो शिकत नाही. तो चुकतो. स्वतःची नक्कल काढत राहतो, आणि घाईत नक्कल चुकते. बहुतेक चुकांनी तो स्वतःच मरतो. पण इतक्या नकला काढतो, की एखादी चूक त्याच्या फायद्याची निघते. मग तीच पुढे चालते."

"मंजी कवातरी हुनारच?"

"कधीतरी होणारच. तुम्ही डोळे उघडे ठेवा. मीही ठेवते."

त्या दिवशी बाकीच्यांना ते उत्तर आवडलं नाही. पोपटरावांना आवडलं. दुसऱ्या दिवशी ते रोपं न्यायला टेम्पो घेऊन हजर.

पहिलं वर्ष झकास गेलं. झाडं फळांनी लगडली. आमच्या संस्थेचे साहेब पाहुण्यांना घेऊन तिथे जात, फोटो निघत. एकदा कोणी मोठ्या पाहुण्या पिवळ्या पैठणीत आल्या, तर बाईंनी त्यांना बांधावरच थांबवून आमचा पांढरा कोट घालायला लावला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बाईंना राज्यपातळीवरचा एक मोठा सन्मान मिळणार, असं बोललं जात होतं. त्यांच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. सगळं कसं छान जुळून येत होतं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी आणि बाई नेहमीच्या फेरीला गेलो. बाकीच्या निरोगी बागा पाहून झाल्या होत्या. पोपटरावांची बागही त्याच यादीत होती. बाई पुढे, मी मागे. ओढ्याच्या बाजूच्या कडेला पोचलो आणि बाई थांबल्या. मला वाटलं साप आहे.

समोर एक झाड होतं. त्याच्या शेंड्याची पानं सुतळीसारखी बारीक झाली होती. देठांवर तेल ओघळल्यासारखे गडद पट्टे. बाकी सगळी बाग हिरवीगार.

बाईंनी पान हातात धरलं. उलटून खालची बाजू पाहिली. मग अगदी हळू म्हणाल्या, "आला बापा."

मी म्हटलं, "बाई, एखादं झाड भेसळीचं असेल. बी मिसळलं असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "तपासू."

आम्ही पानं आणली. तपासली. मग पुन्हा जाऊन आजूबाजूच्या झाडांची आणली. त्यातल्या तिघांतही रोग निघाला. झाड भेसळीचं नव्हतं, बाईंचंच होतं. विषाणू मात्र जुना नव्हता. त्याच्या जनुकीय साखळीत एका ठिकाणी लहानसा बदल झाला होता, आणि तेवढ्याने बाईंच्या झाडाची ढाल निकामी झाली होती. कॉम्प्युटरवर तो बदल मी दाखवला, तेव्हा बाई पडद्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "एवढीशी चूक. बघ." त्या आवाजात राग नव्हता. थोडं कौतुकच होतं, आणि ते ऐकून मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. नमुने ओले होतील."

साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बियाण्याची पाकिटं भरून तयार होती, पेरणीचा हंगाम दारात होता. ते म्हणाले, "बाई, एका कडेची चार झाडं. एवढ्यावरून आपण वाण फसलं असं जाहीर करायचं? हंगाम जाऊ द्या. मग सगळी आकडेवारी घेऊन शांतपणे सांगू. तुमच्याच भल्याचं बोलतोय."

"हंगाम गेल्यावर सांगायचं कुणाला?" बाई म्हणाल्या. "तोवर सगळ्यांनी लावलेली असेल."

"पण चार झाडं..."

"तो एकापासूनच सुरुवात करतो, साहेब."

साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "मी अधिकृतपणे आज काही सांगू शकत नाही." बाई उठल्या. "तुम्ही नका सांगू. माझी पपई आहे. मी सांगते."

रविवारी सकाळी त्यांनी मला धायरीला बोलावलं. ज्यांनी ज्यांनी रोपं नेली होती, त्या सगळ्यांना आम्ही एकामागून एक फोन लावत होतो. मी नंबर फिरवायची, त्या बोलायच्या. प्रत्येकाला तेच, प्रत्येक वेळी पहिल्यापासून, "मी अमुक. मी तुम्हाला दिलेल्या पपईवर रोग आलाय. विषाणू बदललाय. तुमच्या बागेत बघा, शेंड्याची पानं बारीक दिसली तर झाड त्याच दिवशी उपटा. नवीन लागवड यंदा करू नका." काही लोक घाबरले. काही भडकले. एकाने एवढं मोठ्याने सुनावलं, की पलीकडच्या खुर्चीत मला ऐकू आलं. बाई मध्ये न बोलता ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. झाडं मात्र बघा."

मधे त्यांनी चहा केला. मी विचारलं, "बाई, हे तुम्ही साहेबांच्या नावाने पत्र जाईपर्यंत थांबवलं असतं तरी कोणी तुम्हाला दोष दिला नसता."

त्यांनी नंबरांची यादी बाजूला सरकवली. मग त्यांनी मला त्यांच्या आजोबांबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आजोबा दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांत कलमं बांधायचे. हात फार बारीक आणि साफ. लांबलांबून बोलावणी यायची. चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो तो भाग, काढायचा, रोपावर बसवायचा, पट्टी बांधायची. मग काही वर्षांनी त्यांनी कलम केलेल्या बागा वाळायला लागल्या. उभी झाडं सुकत गेली. बागमालक म्हणाले, याचा हातगुण वाईट. काहींनी तर आणखी काही जोडलं. "आम्ही नुकताच धम्म घेतला होता," बाई म्हणाल्या. "काय जोडलं असेल, ते तुला कळेल." बोलावणी बंद झाली. आजोबा मग कुठल्याच झाडाला हात लावेनात. अंगणातल्या तुळशीलासुद्धा पाणी घालायला दुसऱ्या कुणाला सांगायचे.

"मी कॉलेजात हा विषय शिकले, तेव्हा कळलं. ज्या झाडांचे डोळे काढून त्यांना दिले जायचे, ती झाडंच आतून आजारी होती. दिसायला ठणठणीत. विषाणू डोळ्याबरोबर यायचा, आणि पुढे मावा पसरवायचा. आजोबांच्या हातात काही नव्हतं."

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"ते गेले होते तोवर." त्यांनी कप खाली ठेवला. "तिथल्या मोठ्या लोकांना कुणीतरी आधी सांगितलं होतं म्हणे, की ती मूळ झाडं ठीक नाहीत. ते गप्प बसले. झाडं महागाची होती ना." मग एकदम बोली बदलली, "चल, पुढचा नंबर लाव. काय बसून राहिली?"

पोपटरावांना मात्र फोन केला नाही. तिथे आम्ही गेलो. बाईंनी बांधावर उभं राहून सांगितलं, की आजारी झाडं तर जाणारच, पण ओढ्याकडच्या आणखी दोन ओळी, वरून चांगल्या दिसणाऱ्या, त्याही काढाव्या लागतील. फळं लागली होती. तोडणीला आली होती.

पोपटरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज फुटला. "आवं बाई, तुमीच म्हनला लावा, न् आता तुमीच म्हनता तोडा? लोकं काय म्हनतील मला? लेकरावानी वाढिवल्याती."

"हो," बाई म्हणाल्या. "मीच म्हणाले लावा. मीच म्हणतेय तोडा."

"आन् न्हाई तोडली तर?"

"तर पुढच्या दोन महिन्यांत सगळी बाग जाईल. मग तुमच्या शेजाऱ्याची."

पोपटराव तोंड फिरवून उभे राहिले. त्यांची बायको रानातल्या घराच्या दारातून हे बघत होती. बाईंनी पदर खोचला, झाडाला टेकवलेला कोयता उचलला, आणि पहिल्या झाडावर घातला. पपईचं खोड मऊ असतं, पण बाईंना कोयत्याची सवय नव्हती. घाव तिरका बसला. दुसरा बसला तो त्याहून तिरका. त्या पुन्हा हात उगारणार, तोच पोपटराव धावत आले. "द्या हिकडं. हात तोडून घ्याल." त्यांनी कोयता घेतला. एका घावात झाड आडवं केलं. मग पुढचं. दोन्ही ओळी त्यांनी स्वतः काढल्या. बाई, मी आणि पोपटरावांची बायको, आम्ही तोडलेली झाडं ओढत खड्ड्याकडे नेत होतो. चिकाने हात चिकट झाले होते. शेवटचं झाड पडलं तेव्हा पोपटराव बाईंना म्हणाले, "आता सांगा, मका कुठून लावू?"

त्यांची राहिलेली बाग वाचली. पूर्ण नाही, अधूनमधून एखादं झाड जात राहिलं, ते पोपटराव लगेच काढत. पण त्या वर्षीचा माल निघाला. ज्यांनी फोन मनावर घेतला नव्हता, त्यांच्याकडे बागाच्या बागा गेल्या. पुढच्या महिन्यात संस्थेनेही बियाण्याची विक्री थांबवली, आणि त्या पत्रावर साहेबांची सही होती, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते. सन्मानाचा विषय मात्र पुन्हा कोणी काढला नाही. एका नर्सरीवाल्याने भर सभेत विचारलं, "काय बाई, तुमची पपई पडली म्हणे?" बाई म्हणाल्या, "पडली. तुमच्या रोपांना जाळी लावलीत का?" त्याने लावली नव्हती. त्याच संध्याकाळी बाई त्याच्याकडे जाळी कशी लावायची ते दाखवायला गेल्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसचा समारंभ आटोपशीर झाला. पण दुपारी फाटकापाशी गर्दी जमली. पोपटराव सगळ्यांत पुढे, आणि त्यांच्यामागे ज्यांना आम्ही त्या रविवारी फोन केले होते, त्यातले कितीतरी. ज्यांनी मोठ्याने सुनावलं होतं, तेही होते. कोणी भाषण केलं नाही. प्रत्येकाने आपल्या बागेत सध्या काय दिसतंय ते बाईंना सांगितलं, मोबाइलवर पानांचे फोटो दाखवले. बाई फाटकात उभ्या राहून संध्याकाळपर्यंत पानं बघत होत्या. त्यांच्यासाठी आणलेली शाल कुणाच्या तरी हातात तशीच राहिली.

आता त्या नागपूरला भाचीकडे असतात. त्यांचं काम मी पुढे चालवते. नवं वाण तयार केलंय, आता दुसरी ढाल वापरून, आणि ते काही बागांत लावून बघतोय. गेल्या महिन्यात त्यातल्या एका बागेत मला शेंड्याची पानं बारीक दिसली. मी पान हातात धरून किती वेळ उभी होते, मला आठवत नाही. एवढं आठवतं, की काय करायचं हा प्रश्न मला पडला नाही. तो दुसऱ्या कुणीतरी माझ्यासाठी आधीच सोडवून ठेवला होता. तपासण्या झाल्या, आणि ज्या दिवशी खात्री पटली त्याच दिवशी मी सगळ्यांना फोन केले. एकेकाला, पहिल्यापासून. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी मला ऐकवलं.

संध्याकाळी घरी आले आणि बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळ्यांना सांगितलंस?"

"सगळ्यांना."

"तोडायला स्वतः जाशील?"

"उद्या सकाळी."

"बरं." मला म्हणायचं होतं, की बाई, तुम्ही नसता तर मी आज थांबले असते, चार झाडं म्हणाले असते. ते शब्द जुळवत होते, तोवर त्याच बोलल्या.

"जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग जेव आधी. तो व्हायरस काही पळून नाही जाऊन राहिला."